तक्रार वेगळी, बिघाड वेगळा

प्रश्न असा आहे: "मी नाशिकला कॉम्प्युटर डिप्लोमा करतोय. चौथं सेमिस्टर संपलं, आता बारा आठवड्यांची इंटर्नशिप. अंबडला एएमसीची, म्हणजे वर्षभराच्या देखभाल कराराची, कामं घेणाऱ्या एका फर्ममध्ये सपोर्टला जागा मिळाली आहे. बरोबरचे दोघं पुण्यात वेब डेव्हलपमेंटला चाललेत. घरी म्हणतात, रिपेअरिंगच करायचं होतं तर डिप्लोमा कशाला? मॅडम, हे बारा आठवडे फुकट जातील का? जाण्याआधी काय शिकून ठेवू? आणि फॉर्मल कपडे लागतात का?"

कपड्यांचं शेवटी सांगते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे.

मी २००३ साली शालिमारजवळच्या एका दुकानात असेंब्लीला लागले. तेव्हा काचेचा सतरा इंची मॉनिटर छातीशी धरून तीन जिने चढणं हाच निम्मा सपोर्ट होता. पुढे एएमसी केली, आता सातपूरच्या एका कारखान्यात आयटी बघते. दर उन्हाळ्यात माझ्याकडे चार-पाच मुलंमुली शिकायला येतात. त्यांतल्या हुशारांना पहिल्या आठवड्यात जो धक्का बसतो, तो तुला आधीच देऊन ठेवते. कॉलेजच्या लॅबमध्ये बिघाड सरांनी ठरवून केलेला असतो. केबल काढलेली असते, नाहीतर आयपी चुकीचा टाकलेला असतो. बाहेर तसं नसतं. बाहेर तुझ्या हातात बिघाड कुणी देत नाही, तक्रार देतं. "नेट गेलं", "प्रिंटर मेला", "कॉम्प्युटर हँग मारतोय". तक्रार म्हणजे माणसाला काय दिसलं ते. बिघाड म्हणजे आत काय झालं ते. या दोन्हींत किती अंतर असतं हे शेकडो वेळा डोळ्यांनी बघायला मिळणं, ही तुझ्या बारा आठवड्यांची खरी कमाई आहे.

एक उदाहरण देते. गंगापूर रोडवरच्या एका छोट्या ऑफिसातून रोज सकाळी फोन यायचा, "नेट चालत नाही." आमचा मुलगा जायचा, राऊटर बंद-चालू करायचा, नेट चालू व्हायचं, सही घेऊन परत यायचा. असं चार दिवस झालं. पाचव्या दिवशी मी गेले. पिंग मारून, म्हणजे बाहेरच्या एका सर्व्हरला हाक मारून पाहिली, उत्तर येत होतं. म्हणजे नेट होतं. पण जीएसटीची साइट उघडायला गेलं की ब्राउझर सांगायचा, कनेक्शन सुरक्षित नाही. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख पाहिली तर कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपलेला होता. ऑफिस बंद करताना तिथले काका शिस्तीत मेन स्विच पाडून जात, म्हणून रात्रीत तारीख पुसली जायची. तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिच्या ओळखीचा मुदतीचा दाखला, ब्राउझरला चुकीचं वाटतं. सकाळी आमचा मुलगा राऊटरशी खेळेपर्यंत विंडोज स्वतःच तारीख नेटवरून जुळवून घेत असे, आणि याला वाटे आपण दुरुस्त केलं! वडापाव-चहाच्या पैशात येणाऱ्या सेलपायी चार फेऱ्यांचं पेट्रोल गेलं.

त्या मुलाचं काय चुकलं? त्याला काही येत नव्हतं असं नाही. त्याने तक्रारीलाच बिघाड मानलं. "नेट चालत नाही" ऐकलं आणि हात थेट राऊटरकडे गेला.

म्हणून पहिले दोन आठवडे एवढं एकच कर. मशीनला हात लावण्याआधी दोन मिनिटं हात मागे बांधून उभा राहा आणि विचार. काय विचारायचं हेही सांगते. "तुम्ही काय केलं?" हे कधीच विचारू नकोस. समोरच्याला ते आरोपासारखं लागतं आणि ठरलेलं उत्तर येतं, "मी काहीच नाही केलं, आपोआप झालं." त्याऐवजी विचार, "शेवटचं नीट कधी चाललं होतं?" आणि मग, "तेव्हापासून इथे काय काय नवीन आलं?" नवीन माणूस, नवीन टेबल, नवीन वायर, नवीन कागद, काहीही. "जरा मला करून दाखवता का?" हा तिसरा प्रश्न. निम्म्या वेळा माणूस करून दाखवता दाखवता स्वतःच म्हणतो, अरे हो की.

दुसरा प्रसंग मला जास्त आवडतो, कारण त्यात शहाणपण माझं नव्हतं. फेब्रुवारीतली गोष्ट, द्राक्षाचा सीझन जोरात. दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसमधून रात्री नऊला फोन आला, लेबल प्रिंटर खराब झालाय, दुसरा घेऊन या. युरोपात जाणाऱ्या द्राक्षाच्या प्रत्येक खोक्याचा माग बागेपर्यंत लागावा लागतो. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट नावाची व्यवस्था त्यासाठीच आहे. लेबल नाही तर खोकं हलत नाही, आणि बाहेर रीफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर उभा. अशा वेळी पॅकहाऊसचा मॅनेजर कसा बोलतो ते तू ऐकशीलच. माझ्याबरोबर त्या वर्षीची एक ट्रेनी होती, निफाडकडची, कमी बोलणारी. प्रिंट पाहिली तर पहिलं लेबल बरोबर, दुसरं केसभर खाली, दहाव्यापर्यंत अर्धा मजकूर एका लेबलवर आणि अर्धा पुढच्यावर. मी सवयीने ड्रायव्हरमध्ये शिरले, कागदाचं माप तपासायला लागले. ती डस्टबिनमध्ये वाकून बघत होती. तिथून तिने पुठ्ठ्याची रिकामी नळी काढली आणि म्हणाली, "मॅडम, हा रोल आज संपलाय. नवीन रोल वेगळ्या कंपनीचा दिसतोय, याच्या दोन लेबलांमधली फट मोठी आहे." बस. प्रिंटरला लेबल कुठे संपतं हे त्या फटीवरूनच कळतं. प्रिंटर जुन्या रोलच्या हिशोबाने चालला होता. नवीन रोलच्या फटीप्रमाणे सेन्सर पुन्हा कॅलिब्रेट केला, म्हणजे जुळवून घेतला, चार-पाच लेबलं कोरी सरकली, आणि पुढचं बरोबर मधोमध आलं. प्रिंटर खराब नव्हता, सोबत नेलेला दुसरा प्रिंटर गाडीतून उतरलासुद्धा नाही. तो आत नेऊन जोडला असता तर नशिबाने तोही चालला असता, कारण नवीन जोडताना कॅलिब्रेट करतातच. मग आम्ही सगळ्यांना सांगत फिरलो असतो की जुना प्रिंटर गेला.

ती मुलगी आज एका मोठ्या कंपनीत नेटवर्क बघते. डस्टबिन बघायची सवय अजून आहे म्हणते.

आता माझी चूक सांगते. पहिल्याच वर्षी, मार्चअखेर, एका अकाउंटंटच्या ऑफिसात विंडोज पुन्हा टाकायचं होतं. मी विचारलं, डेटा कुठे आहे? ते म्हणाले, सगळं डी ड्राइव्हला आहे, सी उडवा बिनधास्त. मी उडवलं. टॅलीचा डेटा त्या काळी टॅलीच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे सी ड्राइव्हला पडायचा. डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळंही सी मध्येच असतं, आणि बहुतेकांना ते आजही माहीत नसतं. नशिबाने फ्लॉपीवर महिनाभर जुना बॅकअप निघाला. उरलेल्या महिन्याची व्हाउचरं मी नऊ दिवस त्यांच्या ऑफिसात बसून पुन्हा भरली. दुकानाच्या मालकांनी तेवढ्या दिवसांचा पगार कापला नाही, एवढी त्यांची कृपा. ते अकाउंटंट खोटं बोलले नव्हते. त्यांना तसं वाटत होतं. माणूस जे सांगतो ती माहिती असते, खात्री आपण करायची असते. फॉरमॅट करण्याआधी स्वतः बघायचं, दुसऱ्या डिस्कवर कॉपी घ्यायची, त्या कॉपीतली एक फाइल उघडून बघायची आणि मगच पुढचं बटण. कॉपी घेतली पण उघडलीच नाही, असे बॅकअप मी पुष्कळ पाहिलेत. ते बॅकअप नसतात.

हल्ली याच चुकीचं नवं रूप आलंय आणि ते जास्त महागात पडतं. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ असतं आणि मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते. या कुलपाचं नाव बिटलॉकर. मालकाला याचा पत्ताच नसतो. तू बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरून काही बदललंस किंवा मदरबोर्ड बदलला, की निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डेटा गेला, तुझ्या सरांचे सरही काढून देऊ शकत नाहीत. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने जगभर मशीनं निळी पडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ती साधारण ८५ लाख होती. दुरुस्ती म्हटली तर एक फाइल उडवण्याची. पण अनेक ठिकाणी आधी ही ४८ आकडी की शोधावी लागली, आणि ती एकेका मशीनपाशी जाऊन टाकावी लागली. त्यामुळे बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर चालू आहे का आणि की कुणाकडे आहे, हे विचारणं आता हातपाय धुण्याइतकं सवयीचं झालं पाहिजे.

सध्या तुला सगळ्यात जास्त काम कशाचं पडेल? विंडोज १० चं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा. नाशिकच्या छोट्या ऑफिसांत चौथ्या, सहाव्या पिढीची मशीनं ढिगाने आहेत आणि ती बिचारी नीट चालतातही. मालक म्हणेल, "चालतंय ना, मग कशाला?" त्याला घाबरवू नकोस, नवीन मशीन गळ्यातही मारू नकोस. त्यावर बँकेचं काम चालतं का, डिजिटल सही वापरतात का, मशीन नेटला जोडलेलं आहे का, हे लिहून घे आणि वरिष्ठांपुढे ठेव. निर्णय त्यांचा आणि मालकाचा. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली की तेच मशीन पळायला लागतं, हे मात्र बिनधास्त सांग, आणि क्लोनिंग, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवणं, स्वतःच्या हाताने दोन-चार वेळा करून घे.

एका गोष्टीत मी कडक आहे. "जरा क्रॅक विंडोज टाकून दे, ऑफिसपण" असं तुला पहिल्या पंधरा दिवसांत कुणीतरी म्हणणारच, चहा पाजून म्हणेल. नाही म्हणायचं. नैतिकतेचं व्याख्यान द्यायची गरज नाही, "मला परवानगी नाही, सरांशी बोला" एवढं पुरतं. त्या ॲक्टिव्हेटरसाठी आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. अनोळखी माणसासाठी आपणच कडी काढून दिली, तर आत कोण आलं याची जबाबदारी कुणाची? मशीन सहा महिन्यांनी लॉक झालं की आठवण तुझीच निघते. आणि फर्मचे सरच तुला ते टाकायला सांगत असतील, तर तुझ्या कॉलेजच्या समन्वयकाशी बोल आणि जागा बदल. असं मी सहसा कुणाला सांगत नाही.

दुसऱ्याच्या मशीनवर बसल्यावर जे दिसतं ते बघायचं नाही, हेही त्यातलंच. कीबोर्डखाली पासवर्डची चिठ्ठी असते, डेस्कटॉपवर घरचे फोटो असतात, पगाराची शीट उघडी असते. पासवर्ड तोंडी विचारू नकोस, त्यांना टाकायला सांग आणि तेवढ्यापुरती मान वळव. लहानशी गोष्ट आहे, पण ती लोक लक्षात ठेवतात. पुढच्या वेळी तुझंच नाव घेऊन बोलावतात.

जाण्याआधी काय शिकायचं, तर फार नाही. आयपीकॉन्फिग, पिंग, एनएसलुकअप या नेटवर्क तपासायच्या कमांडची उत्तरं वाचता आली पाहिजेत. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला, तर मशीनला डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप आयपी वाटणाऱ्या व्यवस्थेकडून, पत्ता मिळालेला नाही हे चटकन कळलं पाहिजे. लॅनची वायर क्रिंप करता आली पाहिजे. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, हा क्रम झोपेत म्हणता यावा. प्रिंट स्पूलर, म्हणजे विंडोजमधली प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा, बंद करून अडकलेले जॉब पुसता यावेत, हे काम रोज पडतं. रॅम काढून खोडरबराने हलकेच घासून परत बसवणं कुठल्याही पुस्तकात नसेल, पण पावसाळ्यात निम्मी "डिस्प्ले येत नाही" मशीनं त्यानेच उठतात. त्याआधी मेन बंद कर आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालव. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, तोंडाला रुमाल बांध.

मराठी फाँटचं एक वेगळं शिकून ठेव. पुण्या-मुंबईतल्या हेल्पडेस्कचं माहीत नाही, पण आपल्याकडे वकील, पतसंस्था, छापखाने, ग्रामपंचायती यांच्याकडे हे रोजचं आहे. "फाइल उघडली तर सगळं अगम्य दिसतंय." फाइल बिघडलेली नसते. ती श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असते, आणि या मशीनवर तो फाँट नसतो. युनिकोड म्हणजे काय आणि जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा, एवढं ज्याला येतं त्याला अशा ऑफिसांत खुर्ची आणि चहा दोन्ही लगेच मिळतं.

वही ठेव. कॉलेजला डायरी द्यावी लागेल, ती वेगळी. ही स्वतःची. प्रत्येक कॉलला चार ओळी: तक्रार, मी काय पाहिलं, काय केलं, खरं कारण. चौथी ओळ त्याच दिवशी भरता येत नसेल तर रिकामी सोड, खोटी भरू नकोस. "रीस्टार्ट केलं, चालू झालं" हे कारण नाही. माझ्या एका ट्रेनीच्या वहीत एका कारखान्याच्या स्टोअरमधल्या मशीनच्या चौथ्या ओळी सहा वेळा रिकाम्या होत्या. सातव्या वेळी त्याने तारखांच्या शेजारी वेळा लिहून पाहिल्या. सगळ्या दुपारी साडेतीनच्या आसपासच्या. त्या वेळी कँटीनवाला यायचा आणि चहाची किटली ठेवायला मशीनमागचं टेबल सरकवायचा. नेटवर्क स्विचची वायर सैल होती.

पुण्याला चाललेल्या मित्रांबद्दल. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, कोडिंग आवडत असेल तर तेच करावं. पण पुष्कळ ठिकाणी बारा आठवड्यांत मुलांना एक तयार टेम्पलेट देऊन रंग बदलायला लावतात, तेही खरं. सपोर्टमधून पुढे नेटवर्क, सर्व्हर, क्लाउड, सिक्युरिटी अशा वाटा फुटतात. सुरुवातीचा पगार मात्र कमी असतो, ते लपवत नाही. आणि सपोर्टमध्येही वाईट जागा असतात. बारा आठवडे नुसतं टोनर भरायला आणि पार्सल पोचवायला लावणारी फर्म निघाली, तर तिसऱ्या आठवड्यात तोंड उघड.

पहिल्याच दिवशी आणखी दोन गोष्टी स्पष्ट करून घे: पेट्रोल कोण देणार आणि कॉलला एकटं पाठवणार का. स्टायपेंड देत नसतील तरी पेट्रोल मागायला लाजू नकोस. अंबडहून सिन्नर, ओझर, दिंडोरी अशा फेऱ्या झाल्या तर महिन्याला चांगलाच खड्डा पडतो. पहिला महिना तरी सोबत वरिष्ठ असावा. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना तुझ्यासाठी नाही, ती शिक्षण चालू नसलेल्यांसाठी आहे. डिप्लोमा झाल्यावर बघ.

शनिवारी दांडी मारू नकोस. आपल्याकडे एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे सर्व्हर बंद करून करायची कामं त्याच दिवशी निघतात. अपडेट, डिस्क बदलणं, रॅकमधल्या वायरी नव्याने ओढणं. खरं शिकायला त्या दिवशी मिळतं, आणि ट्रेनी नेमके त्या दिवशी गावी गेलेले असतात.

आता कपडे. फॉर्मल नकोत, टेबलाखाली झोपावं लागतं. गडद रंगाची पँट, खिसे असलेली. खिशात छोटा टॉर्च, स्टार स्क्रू ड्रायव्हर, पेन. पायात मात्र बंद बूट हवेतच. चप्पल किंवा सँडल पाहिली की शॉपफ्लोअरच्या गेटवरून परत पाठवतात, आणि मग सर आत जातात, तू बाहेर टपरीवर बसतोस.